फिरत्या घरातले पाणी

न्यूझीलंडमध्ये मुलाकडे अथवा मुलीकडे राहायला गेलेल्या आईवडिलांपुढे उन्हाळी सुट्टीत, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-जानेवारीत, एक बेत हमखास मांडला जातो. मोटरहोम भाड्याने घ्यायचे, ख्राइस्टचर्चहून निघायचे, टेकापोचे निळे सरोवर, आओराकी माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन असे करत दक्षिण बेट पाहायचे आणि दहा-बारा दिवसांनी परतायचे. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. स्वयंपाक गाडीत, अंथरूण गाडीत. रोज नवे हॉटेल नाही, बॅगा उचलणे नाही, पथ्याच्या जेवणाचे हाल नाहीत. सत्तरी ओलांडलेल्यांना ही सहल सोयीची वाटते, आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही.

मात्र या फिरत्या घराला नळजोड नसतो. गाडीच्या पोटात एक टाकी असते. चार-सहा जणांच्या मोटरहोममध्ये ती साधारण शंभर लिटरच्या आसपास भरते, लहान कॅम्परव्हॅनमध्ये तिच्या निम्मीही नसते. चहा, भात, भांडी, दात घासणे, अंघोळ, शौच, सारे त्याच टाकीवर चालायचे असते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी गाडी चालवणारा मुलगा किंवा जावई सर्वांना सांगतो, ‘‘पाणी जरा जपून वापरायचं बरं का.’’

हे वाक्य तो भांड्यांसाठी आणि अंघोळीसाठी म्हणत असतो. घरातली वडीलधारी माणसे ते पाण्याच्या पेल्यासाठी ऐकतात. या लेखाचे कारण एवढेच आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, पहाटे उठून नळाला पाणी येण्याची वाट पाहत ज्यांनी घागरी आणि पिंप भरले, त्या पिढीला पाणी जपायला शिकवावे लागत नाही. त्यात भर शौचाची. मोटरहोममधले शौचालय म्हणजे पातळ दाराआडची वीतभर जागा. ते वारंवार वापरण्याचा संकोच, त्याची पेटी मुलालाच रिकामी करावी लागते याची लाज, आणि ‘माझ्यासाठी गाडी थांबवू नका’ हा आयुष्यभराचा स्वभाव. या तिन्हींवर त्यांनी काढलेला तोडगा एकच असतो, आणि तो त्या कोणाला सांगत नाहीत. त्या पाणी पिणे कमी करतात.

आमच्या मावशीच्या बाबतीत हेच झाले. सहलीच्या तिसऱ्या दिवशी वानाकाच्या अलीकडे ती दुपारभर पेंगत होती. संध्याकाळी गाडीतून उतरताना तिचा तोल गेला, आणि नातीला तिने स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. प्रवासाचा शीण असेल, असे सर्वांनी धरले. अंथरूण घालताना उशीशी तिची सकाळची पाण्याची बाटली सापडली, जवळजवळ भरलेली. विचारल्यावर म्हणाली, ‘‘टाकी उद्या भरणार म्हणालास ना तू?’’ त्या रात्री दवाखाना गाठावा लागला. सुदैवाने अंगातील पाणी भरून निघताच दोन दिवसांत ती पूर्ववत झाली. रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारी गोळी चालू होती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. त्या गोळीचा आणि भरलेल्या बाटलीचा संबंध मात्र कोणी जोडला नव्हता.

तहान उशिरा लागते

तरुणपणी शरीराच्या वजनातील सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. वार्धक्यात स्नायू कमी होतात आणि हे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ येते. म्हणजे मुळात साठाच लहान. मूत्रपिंडांची पाणी राखून धरण्याची क्षमताही घटलेली असते, आणि सर्वांत घातक बाब म्हणजे तहानेची जाणीव मंदावते. ‘तहान लागली की पिईन’ हा नियम विशीत पुरतो, पंचाहत्तरीत पुरत नाही. त्यातून दक्षिण बेटावरची हवा फसवी आहे. सेंट्रल ओटागो हा त्या देशातील सर्वांत कोरडा प्रदेश. तिथल्या अलेक्झांड्राला वर्षाला ४०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. गार वारा असतो, घाम दिसत नाही, गाडीत हीटर चालू असतो आणि अंगातील ओलावा नकळत निघून जातो. आणखी काही तासांच्या अंतरावरील मिलफर्ड साउंडला वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आपल्या आंबोलीची आठवण व्हावी असा. बाहेर असे पाणीच पाणी दिसत असताना कोणाला तहानेची आठवण होणार?

किती प्यावे? युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने ज्येष्ठांसाठी दिलेले प्रमाण ध्यानात ठेवायला सोपे आहे. स्त्रियांनी दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांनी किमान २ लिटर पेये घ्यावीत. त्यात चहा, दूध, ताक, सार, सगळे धरावे. परंतु हृदय दुबळे झाल्यामुळे अथवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी तेच माप पाळावे. त्यांच्यासाठी जास्त पाणी हाही धोकाच असतो.

सोबत करणाऱ्यांनी ‘पाणी प्यायलात का?’ असे विचारू नये. उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येकाच्या नावाने ठेवावी आणि ती दिवसातून किती वेळा भरली हे पाहावे. न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत एक, जेवणापासून चहापर्यंत दुसरी, इतका हिशेब पुरे. उरलेले चहा, ताक आणि आमटीतून मिळते. लघवीचा रंग गडद होणे, उभे राहताच चक्कर येणे, जीभ कोरडी पडणे, एरवी स्पष्ट असलेले बोलणे अडखळणे किंवा विसंगत होणे, या खुणा दिसल्या तर ‘शीण’ म्हणून सोडून देऊ नये. कातडीला चिमटा घेऊन पाहण्याची जुनी पद्धत वृद्धांच्या बाबतीत भरवशाची नाही, कारण कातडी वयानेच सैल झालेली असते. अचानक गोंधळलेपण आले, माणूस ओळखेनासा झाला, तर तिथे १११ हा आपत्कालीन क्रमांक आहे. तो फिरवताना संकोच करू नये.

पिण्याचे पाणी टाकीतून घेऊच नका

मावशीच्या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला, आणि आपणही तो करावा असे मी आग्रहाने सांगेन. पिण्याचे पाणी गाडीच्या टाकीपासून वेगळे ठेवावे. त्यासाठी पाच-पाच लिटरचे चार कॅन पुरतात. वीस लिटरचा एक कॅन स्वस्त पडतो. पण भरल्यावर त्याचे वजन वीस किलो होते आणि उचलताना पाठ धरते. हॉलिडे पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरातील नळावर हे कॅन रोज सकाळी भरून घ्यावेत. चार माणसांना दोन दिवस पिण्यापुरते पाणी मग नेहमी हाताशी राहते. टाकीचा काटा लाल खुणेवर आला तरी घरात कोणीही पेला अर्धा भरून घेत नाही. ‘टाकीचे पाणी जपा, कॅनमधले संपवा,’ असे सांगता येते, आणि या सांगण्याचा अर्थ वडीलधाऱ्यांना चुकीचा लागत नाही.

आता टाकीचा हिशेब. चार माणसे धरू. भात, आमटी, चहा, भाज्या धुणे यांना सात-आठ लिटर. भांड्यांना दहा, तेही आधी कागदाने पुसून घेतली तर. हात-तोंड धुणे, दात घासणे आणि कवळी विसळणे यांना माणशी तीन याप्रमाणे बारा. शौचालयाच्या पाण्याला आणि धुण्याला वीस. बेरीज पन्नास लिटर, म्हणजे शंभर लिटरची टाकी दोन दिवस. यात अंघोळ धरलेली नाही, कारण गाडीतल्या शॉवरखाली पाच मिनिटे उभे राहिले की पंचवीस-तीस लिटर जातात. अंघोळ पार्कच्या स्नानगृहातच करावी. तिथे धरायला जागा असते, बसायला स्टूल मागता येते, आणि वृद्ध माणूस तीन वीत रुंदीच्या हलत्या खोपटात घसरत नाही. ज्या दिवशी पार्क नसेल त्या दिवशी गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने अंग पुसावे.

न्यूझीलंडमध्ये वाहनाला ‘स्वयंपूर्ण’ असे प्रमाणपत्र मिळण्यासाठी माणशी रोज ४ लिटर याप्रमाणे किमान ३ दिवसांचे ताजे पाणी, सांडपाण्याची टाकी आणि शौचालय असावे लागते. हे प्रमाणपत्र असलेल्या गाड्यांनाच कित्येक मोकळ्या जागी रात्री थांबता येते. भाड्याची गाडी निवडताना जाहिरातीतील या ४ लिटरवर विसंबू नका. तो कायद्याने ठरवलेला तळ आहे. वरणभात शिजवणाऱ्या आणि पाण्याने स्वच्छता करणाऱ्या कुटुंबाचा खर्च त्याच्या तिपटीवर जातो, हे वरच्या बेरजेतच दिसते.

आणि त्या स्वच्छतेबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे, कारण भाड्याच्या कंपनीच्या पुस्तिकेत ते नसते. मोटरहोममधील शौचालयाखाली एक बंद पेटी असते. तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात साधारण १८ ते २० लिटर मावतात. कागद वापरणाऱ्या चौघांना ती दोन-तीन दिवस पुरते. आपल्या रीतीने पाणी घेणाऱ्या चौघांची ती एका दिवसात भरते, मग मुलाच्या कपाळाला आठी पडते आणि आईच्या ते लगेच ध्यानात येते. यावर उपाय आहेत. दिवसा सार्वजनिक शौचालये वापरावीत. त्या देशात ती गावोगावी, पेट्रोल पंपांजवळ, प्रेक्षणीय स्थळांशी असतात आणि बहुधा स्वच्छ असतात. तिथे धुण्यास पाणी नसते म्हणून चोचीची लहान बाटली पर्समध्ये ठेवावी. पाव लिटर पुरते. गाडीत तांब्या किंवा मग न ठेवता तीच बाटली ठेवली तर कॅसेट दीडपट अधिक चालते. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, कोणी मागणी करो वा न करो. थांबण्याचे निमित्त चहाचे सांगावे. पायांतील रक्ताभिसरणालाही तो थांबा हवाच असतो.

टाकी भरताना

गाडीच्या अंगावर दोन-तीन झाकणे असतात. एक डिझेलचे, एक ताज्या पाण्याचे. पाण्याच्या टाकीत डिझेल आणि डिझेलच्या टाकीत पाणी, दोन्ही प्रकार घडतात. भरणाऱ्याशी कोणी बोलत नसेल तेव्हाच झाकण उघडावे, इतका साधा नियम चालतो.

पाणी भरण्याची नळी खाद्यवापरासाठीची आणि फक्त त्याच कामाची असावी. शौचपेटी आणि सांडपाणी जिथे रिकामे करतात त्या डम्प स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात: एक पेटी विसळण्याचा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. पाटी वाचूनच नळी लावावी. आधी टाकी भरावी, हात धुवावेत, कॅसेट नंतर काढावी; उलट क्रमाने कधीही नको. नळाचे तोंड पुसून अर्धा मिनिट पाणी वाहू द्यावे. गाडीतल्या गरम पाण्याच्या नळाचे पाणी पिण्यास वा औषध घेण्यास वापरू नये. कोमट साठ्यात, विशेषतः २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला जिवाणू वाढतो, आणि त्यापासून होणारा फुप्फुसांचा दाह वृद्धांना जड जातो. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी त्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. ते औषधांच्या दुकानात किंवा सुपरमार्केटमध्ये मिळते.

ज्यांची स्वतःची कॅराव्हॅन आहे त्यांनी हंगामाच्या आरंभी टाकी निर्जंतुक करावी. सुवासरहित, सुमारे ५ टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर घालून टाकी पूर्ण भरायची, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडायचे, चार तास तसेच ठेवायचे, मग सर्व ओतून दोनदा ताज्या पाण्याने विसळायचे. महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले आहे. आपल्याकडे अशा गाड्या भाड्याने घेणाऱ्यांनी टाकी शेवटची कधी धुतली हा प्रश्न अवश्य विचारावा.

स्वच्छ दिसणारे पाणी

परदेशातले नळाचे पाणी डोळे मिटून प्यावे, असा आपला समज असतो. बहुतेक ठिकाणी तो खरा ठरतो. परंतु ऑगस्ट २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील हॅवलॉक नॉर्थ या गावी काय झाले ते पाहा. जोरदार पावसात मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी गावच्या विहिरींत उतरले. भूजल शुद्धच असते या विश्वासाने त्या पाण्यात क्लोरीन घातले जात नव्हते. सुमारे चौदा हजार वस्तीच्या गावात पाच हजारांहून अधिक लोक कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूने आजारी पडले, आणि चार मृत्यूंचा संबंध या साथीशी जोडला गेला. जुलाबाने तरुण माणूस दोन दिवस हैराण होतो. ऐंशीच्या माणसाच्या अंगातील तेवढेच पाणी गेले की मूत्रपिंडे थकतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये पर्यटकांच्या आवडत्या क्वीन्सटाउनमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची साथ आली आणि पाणी उकळून पिण्याची सूचना कित्येक आठवडे लागू राहिली. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. उकळणे मात्र त्याला पुरते. म्हणून नव्या गावात शिरताना तिथल्या नगरपरिषदेची ‘पाणी उकळा’ सूचना लागू आहे का, एवढे मुलांना फोनवर पाहायला सांगावे. वनसंरक्षण खात्याच्या साध्या तळांवर पाणी ओढ्याचे, तलावाचे किंवा छपरावरून साठवलेले असू शकते. ओढा कितीही काचेसारखा असो, त्यात जिआर्डिया असू शकतो. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून निववावे. जगमध्ये बसवलेली कोळशाची गाळणी चव सुधारते. जंतूंसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

जुलाब किंवा उलटी झालीच तर जलसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ त्याहून जास्त नाही. मधुमेही, उच्च रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी हे किती घ्यावे ते आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. त्याच भेटीत दुसरा प्रश्नही विचारावा: जुलाब, उलटी वा ताप असताना माझ्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या? लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या, सांधेदुखीसाठी घेतली जाणारी वेदनाशामके, या सर्वांबाबत अंगातील पाणी घटले असताना डॉक्टर वेगळा सल्ला देतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नये आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नये. उत्तर कागदावर लिहून घ्यावे, औषधांच्या डब्यातच ठेवावे, आणि ते मुलांनाही दाखवावे.

रात्र

दिवसाचे बहुतेक पाणी संध्याकाळी सहापूर्वी पोटात गेलेले बरे. म्हणजे रात्री उठण्याच्या फेऱ्या कमी होतात; प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना याचा विशेष उपयोग. मोटरहोमची पायरी उंच असते, अंधारात नवख्या जागी पाय चुकतो, म्हणून ज्येष्ठांचे अंथरूण शौचालयाच्या सर्वांत जवळ घालावे आणि त्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. पाण्याचा पंप सहसा बटणावर चालतो आणि त्याचा आवाज होतो. सारे जागे होतील म्हणून वडीलधारी माणसे तो रात्री लावत नाहीत, तेव्हा शौचालयात भरलेली बाटली आधीच ठेवून द्यावी.

शेवटची तपासणी कॅसेटची. बहुतेक पेट्यांवर भरल्याची खूण दाखवणारा लहान दिवा असतो. तो लाल असेल तर झोपण्याआधीच पेटी रिकामी करून आणावी, कितीही कंटाळा आला असला तरी. मग तो विझलेला दिवा आईला किंवा मावशीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावा. आमच्या पुढच्या सहलीत मावशी रोज संध्याकाळी तो दिवा पाहून यायची, आणि मगच चहाचा दुसरा कप मागायची.